आंदणातला कॉम्प्युटर

बस्ता उरकला, बाकीची मंडळी रिक्षा करून घरी गेली आणि तिघं तेवढी पर्वत पाटिया भागातल्या गुजराती मगनभाईच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरली. नवरी मुलगी हर्षदा, तिचे वडील शालिग्रामआप्पा आणि होणारी सासू सुंदराबाई. लग्नाच्या साड्यांचं गाठोडं सुंदराबाईंनी कोणाच्या हाती दिलं नव्हतं. ते मांडीवर घेऊन त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या.

कपाट आणि फ्रीज सगळेच देतात, म्हणून आप्पांनी पोरीला आंदणात कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं होतं. हर्षदा एका स्टुडिओत साड्यांच्या छपाईची डिझाइनं करायची. लग्नानंतर तेच काम गोडादऱ्याला सासरी बसून करायचं होतं. मशीन चांगलं मिळालं तर काम, नाहीतर घरी बसायचं, एवढं सरळ होतं ते.

सगळे भाग निवडून जोडून घ्यायचे होते. आप्पांनी मात्र इथंही बस्ताच मांडला. "जरा उघडून दाखवा. अजून दाखवा. याच्यात दुसरा रंग?" असं म्हणत त्यांनी रिकाम्या कॅबिनेटचे डबे एकामागून एक खाली उतरवून घेतले. एकाचा पत्रा तर कापडासारखा बोटांत धरून पाहिला. मग खिशातून मोबाइल काढला.

"जावईबापूनी फोटो धाडेल शे. अस्संच पाहिजे."

फोटोत काचेचा मोठा डबा होता, आत रंगीत दिव्यांचे पंखे आणि विटेएवढं ग्राफिक्स कार्ड. जावईबापू म्हणजे धर्मेंद्र. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये नोकरीला, आणि सुटी झाली की मोबाइलवर गेम.

"आप्पा, ते कार्ड गेमसाठी आहे," हर्षदा म्हणाली. "मला रॅम जास्त लागते आणि स्क्रीन चांगला. रंग खरा दिसला पाहिजे. नाहीतर मी गुलाबी पाठवते आणि मिलमधून राणी छापून येतो."

"मंग दोन्ही ले ना."

मगनभाईने मान हलवली. "काका, बजेटमां एकच बेसेगा. कार्ड लो, नहीं तो रॅम नी स्क्रीन."

आप्पा पुन्हा मोबाइलमधला फोटो पाहू लागले. आंदण मांडवात मांडतात. सगळी भाऊबंदकी त्याभोवती एक चक्कर मारते आणि मगच जेवायला बसते. तिथं एका काळ्या डब्यापाशी कोण थांबणार? शिवाय जावयाचं मन मोडायचं, तेही हळद लागायच्या आधी. त्यांनी चोरून विहिणीकडे पाहिलं. सुंदराबाई गाठोड्याची गाठ घट्ट करत होत्या.

सासूसमोर बापाशी वाद घालणं हर्षदाला बरं दिसेना. तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. दुकानात चालू करून ठेवलेलं मशीन फोटोतल्यासारखंच होतं, नुसती लखलख. तिने त्यावर आपली एक पूर्ण साडी उघडली. काठ आले, अंगावरच्या बुट्ट्या आल्या आणि स्क्रीन थांबला. पंखे तेवढे रंग बदलत राहिले.

"पदर कथा शे?" सुंदराबाईंनी विचारलं. दुकानात शिरल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"यायचाय अजून, मावशी. रॅम कमी पडतेय."

सगळ्यांनी वाट पाहिली. पदर काही आला नाही. "हँग थई गयुं," म्हणत मगनभाईने बटण दाबलं आणि मशीन बंद केलं.

हर्षदा एकदम घाबरली. होणाऱ्या नवऱ्याची निवड आपण त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत खोटी पाडली, हे तिच्या आता ध्यानात आलं. "राहू द्या आप्पा," ती म्हणाली. "फोटोतलंच घ्या. मी घेईन चालवून." कसं चालवून घेणार, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"याहीनबाई, आते तुम्हीच सांगा," आप्पा विहिणीला म्हणाले.

"माले काय समजस त्यामधलं?" सुंदराबाई उठल्या आणि बंद पडलेल्या स्क्रीनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "पन पदर नही दखावना ते साडी कोन लेई?"

आप्पांचा जीव भांड्यात पडला. जावई रुसला तर आता त्याच्या आईचं नाव पुढे करता येणार होतं. साधा काळा डबा ठरला, त्यात मावेल तेवढी रॅम ठरली. स्क्रीन निवडायची वेळ आली तेव्हा सुंदराबाईंनी स्वतःच गाठोडं सोडलं आणि शालूची घडी हर्षदाच्या हातात दिली. ती स्क्रीनला लावून तिने एकेका मॉनिटरवर शालूचा रंग जुळवून पाहिला. तिसऱ्यावर तो जुळला.

आप्पा मागे थांबून मगनभाईकडे मांडवापुरते दोन रंगीत पंखे उसने मागत होते. सासूसून दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"त्याले ते काय ऱ्हास, पासवर्ड?" सुंदराबाईंनी विचारलं.

"हो, मावशी."

"तो धर्मेंद्रले सांगू नको. तो गेम खेळाले बसना का तुनं काम ऱ्हाई जाई."

"नाही सांगणार."

सुंदराबाईंनी सोडलेल्या गाठोड्याची गाठ पुन्हा घट्ट बांधली.

"आनी माले बी सांगू नको," त्या म्हणाल्या. "तो मांगी ते मी दी टाकसू."