पायलचे कान

नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात सात वर्सं यंत्रमागांच्या खडखडाटात काम करू करू पायलचे दोन्ही कान गेले, म्हणजे पार गेले, पण कोणाले पत्ताच नाही! कारण त्या आवाजात तिथं समदेच एकमेकांचे ओठ पाहून बोलतात, अन् ही पोरगी तर अशी पटाईत, की समोरच्याचे ओठ हलले की हिचं उत्तर तयार. माहीत होतं ते फक्त एकीले, तिच्या जिवाभावाच्या प्रतीक्षाले.

आता कायम करायची एकच जागा निघाली, अन् नावं आली नेमकी या दोघींची. साहेबाच्या केबिनमध्ये मुलाखत! पायलनं प्रतीक्षाले केबिनबाहेरच्या कोपऱ्यात ओढलं.

"ऐकू येत नाही हे समजलं, तर कायम व्हायचं राहू दे, आहे ते काम बी जाईन वं!"

"काहून घाबरून राहिली बाप्पा?" प्रतीक्षा तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली. "मी आत्ताच तर जाऊन आली. साधेसोपे प्रश्न आहेत. अन् साहेबाले तर मिशी बी नाही, ओठ एकदम साफ दिसतात. जाय बिनधास्त!"

पायल आत गेली, खुर्चीत बसली, अन् साहेबाच्या ओठांवर नजर रोवून गोड हसली.



साहेब बी हसले, मग टेबलावरची फाईल उचलून त्यांनी आपल्या तोंडासमोर धरली, अन् वरून त्यांचे नुसते डोळे तिच्या उत्तराची वाट पाहू लागले.