उलट्या बाजूचा तास

शनिवारी शेवटच्या तासाला सातवीच्या वर्गात पेपरातली नाहीतर गावातली भांडणं निघत. गहिनीनाथ गुरुजींचा नियम एकच: ज्याचं जे मत, त्यानं त्याच्या बरोबर उलट बोलायचं. आपल्या बाजूनं काय, कुणीही बोलतं, असं ते म्हणत.

त्या शनिवारी फळ्यावर प्रश्न होता: पंधरा ऑगस्टला झेंडा कोणी फडकवावा, भामाबाईंनी की रंभाजींनी?

गाव महिनाभर यावरच तापलं होतं. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, भामाबाई निवडून आल्या, पण खुर्चीत अजून त्यांचे मालक रंभाजीच बसत, आधी दहा वर्षं बसले तसेच. आता स्वातंत्र्याला पन्नास वर्षं पुरी होणार, तो झेंडाही आपणच ओढणार, असं त्यांनी पारावर सांगून टाकलं होतं.

माधुरी त्यांचीच मुलगी. झेंडा आईनंच फडकवावा म्हणून ती दोन दिवस आण्णांशी धड बोलली नव्हती. आणि नियमाप्रमाणे आता तिलाच आण्णांची बाजू घ्यायची होती. ती उठली आणि नखानं बाक कोरू लागली.

"आमच्या आण्णांना झेंड्याची लई हौस हाय," ती शेवटी म्हणाली. "तांब्यात निखारे घालून टोपीला सोता इस्त्री करत्यात. सव्वीस जानेवारीला गाठ अडकली, शिपायाला खांबावर चढावं लागलं, समदं गाव हसलं. त्या दिवशी आण्णा जेवले न्हाईत. आता आईला हसतील, असं त्यांना वाटतं. बोलत न्हाईत, पन मला म्हाईत हाय."

दारात रंभाजी उभे होते. फळ्यावर आपलं नाव चढल्याचं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, आणि ते गुरुजींना झाडायलाच आले होते.

"घरातलं भांडान साळंत कशाला काढता, गुर्जी?" पण आवाज काही चढेना.

"बोला की तुम्हीही," गुरुजी म्हणाले. "फक्त नियम सगळ्यांना सारखा."

पोरं खुदखुदली. रंभाजींनी टोपी काढली, परत घातली.

"म्हंजी तिनं वढावा असं म्हनू? बरं. तर आमची मंडळी..."

"नावानं बोला."

"भामाबाई... सरपंच," एवढं म्हणताना गडी नवरदेवासारखा लाजला. "कायद्यानं सरपंच तीच हाय. सहीबी शिकली, पाटी घोटून घोटून. आन गाठीचं म्हनाल, तर हिरीवर दोर गुतला की तिलाच सुटतो. मला जल्मात न्हाई सुटायचा."



"आण्णा," माधुरीनं विचारलं, "हे नियमाचं बोलताय का खरं?"

त्यांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. "गुर्जी, झेंड्याची दोरी साळंतच असती ना? चार दिस घरी न्हेऊ का? सवय व्हाया पायजे."

"कुणाला, तुम्हाला?"

"मला कशाला? तिला!" गुरुजींनी दिलेलं दोरीचं वेटोळं काखेत मारत रंभाजी म्हणाले. "पन तिनं वढताना दुसरं टोक धरायला कुनी नको व्हय?"