पडणार की भरणार

"आज गॅलरी पडणार," खालचा विणकर म्हणाला. निदान तिला तरी तसं दिसलं.

दिसलं, कारण ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. खाली दोनशे माग धडधडत होते, आणि वर, लोखंडी सळयांनी छताला टांगलेल्या गॅलरीत, पंधरा पर्यटक कानांत गाईडचं बोलणं ऐकवणारी यंत्रं घालून काचेतून ते बघत होते. लोक सुट्टीत समुद्रावर जातात. तिच्या नवऱ्याने हौसेने हे कारखान्यांचं गाव निवडलं होतं आणि वर तिलाच म्हणाला होता, "तुला काय, माहेरी आल्यासारखं वाटेल." लग्नाआधी तिने सहा वर्षं अशाच मागांवर काढली होती. तिथे सगळे ओठांनीच बोलत. तोंड मोठं करायचं, आवाज वाया घालवायचा नाही. पुरुष मिश्या ठेवत नसत, ते याच कारणाने.

मघाशी तिने नवऱ्याला सांगितलंही होतं, "अहो, खालचे ते दोघे तुमच्या टोपीला नावं ठेवताहेत." "काहीतरीच तुझं," म्हणून तो कॅमेरा घेऊन गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला होता.

आता टोपीचा विषय संपला होता. विणकर शेजारच्या मागावरच्या माणसाला सांगत होता, "मुकादमाला सांगितलं मी. तो म्हणतो, उद्या बघू. पण आज गॅलरी पडणार."

की भरणार? तिने घाईघाईने शब्द पुन्हा आठवून पाहिला. प काय नि भ काय, ओठ मिटून उघडतात एवढंच दिसतं; बाकीचा सगळा कारभार जिभेचा, तोंडाच्या आत. जिन्यापाशी पुढच्या तुकडीची वीसेक माणसं ताटकळत उभी होती. भरणारच म्हणाला असेल. उगाच आरडाओरडा केला तर चारचौघांत शोभा व्हायची, आणि नवरा जन्मभर ऐकवणार. पण पडणारच म्हणाला असेल तर?

तिने काचेसमोर जोरजोरात हात हलवला. विणकराने वर पाहिलं.

"काय म्हणालात?" तिने नुसत्या ओठांनी विचारलं. "पडणार की भरणार?"

तो दचकला. वरच्या पाहुण्यांपैकी कोणी मागावरची भाषा बोलेल, हे त्याच्या स्वप्नातही नसणार. पण त्याने मान हलवली. कळलं नव्हतं. कळणार कसं? तिच्याही ओठांवर दोन्ही शब्द एकच होते. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

"दुसरा शब्द सांगा," ती म्हणाली.

विणकराने दाराशी उभ्या असलेल्या मुकादमाकडे एकदा पाहिलं. मग त्याच्याकडे पाठ केली आणि तोंड वर करून सावकाश म्हणाला, "उतरा. एकेक. पळू नका."

पडणारच होती तर. म्हणजे ओरडायचीही सोय नव्हती. ती ओरडली असती तर सगळेच्या सगळे जिन्याकडे धावले असते.

तिने शेजारच्या गाईड मुलीच्या हातातला माईक काढून घेतला. "मंडळी, खालून फोटो फार सुरेख येतात," ती जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हणाली. "जिना अरुंद आहे. एकेकाने, सावकाश."

"काकू, हे काय चाललंय?"

"आधी तू उतर, बाळा. आणि खालच्यांना वर सोडू नकोस. सांगते मग."

मुलीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गुपचूप उतरली. बाकीच्यांपैकी कोणी कारण विचारलं नाही. फोटोचं नाव काढलं की झालं.

सगळे उतरले. नवरा राहिला. त्याने कानांतलं यंत्र कधीच काढून खिशात टाकलं होतं, त्यामुळे माईकचाही उपयोग नव्हता. त्याच्यापर्यंत चालत जावं, तर गॅलरीवर आणखी एका माणसाचा भार. ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून हात हलवत राहिली. शेवटी कॅमेऱ्यात त्याला ती दिसली. तो हसला आणि तिचाच व्हिडिओ काढू लागला.

तिने हात जोडले.

त्याचं हसू मावळलं. तिने तळहात खाली दाबून दाखवलं, हळू. तो एकेक पाऊल टाकत निघाला. मधल्या एका सळईखाली पत्रा हलला, तसा त्याने कठडा घट्ट धरला आणि तो तिच्याकडे बघत राहिला. "या, या, या," ती म्हणत होती, आवाजाशिवाय. तो आला. तिने त्याचं मनगट जे पकडलं, ते जिना उतरेपर्यंत सोडलं नाही.

खाली मुकादम तरातरा आला. त्याने वर रिकाम्या गॅलरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अहो, आमच्या हिला ना..." नवऱ्याने कौतुकाने तोंड उघडलं. तिने त्याच्या पायावर पाय दिला.

मुकादमाच्या मागे विणकर तुटलेल्या धाग्याला गाठ मारत होता. त्याची बोटं थांबली.

मुकादम तिच्या अगदी समोर उभा राहिला. तिच्या डोळ्यांत बघत, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी त्याने सावकाश विचारलं, "कोणी सांगितलं तुला?"

शब्द न् शब्द तिला लख्ख दिसला. तिने कानामागे हात धरला.

"काय म्हणालात?" ती ओरडली. "जरा मोठ्याने बोला की! इथे मेलं काही ऐकूच येत नाही."