भागुजीचे कान

भागुजीला ऐकू येईनासं झालं, तेव्हा सोनईतल्या सगळ्यांनी खापर वयावर फोडलं. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स हन्नाबाईंनी मात्र बॅटरीच्या उजेडात कान पाहिले आणि त्या ओरडून म्हणाल्या, "बाबा, पडदा शाबूत आहे. नुसता मळ घट्ट बसलाय. काडी घालू नका, औषधानं निघेल."

मग रोज दुपारी, बायको ठकूबाई रानात असताना, हन्नाबाई घरी येऊन भागुजीला कुशीवर निजवून कानात पेरॉक्साइडचे थेंब सोडू लागल्या. कढईत भजी सोडल्यागत आत चरचर व्हायची, पांढरा फेस यायचा, अन् मऊ फडक्यावर थोडाथोडा मळ उतरायचा. एके दुपारी भागुजीला एकाएकी वळचणीच्या चिमण्या ऐकू आल्या.

ठकूबाईला ही बातमी कधी एकदा सांगतो, या खुशीत तो तिन्हीसांजेला चुलीपाशी येऊन बसला. उखाणा सोडला तर उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. भाकरी थापता थापता, बहिऱ्याला काय ऐकू जातंय अशा बेफिकिरीनं, ती लाडानं पुटपुटली, "भागू, घे की रं जेवून. भाकर गार व्हतीया, राजा."

आई गेल्यापासून त्याला 'भागू' कुणी म्हटलं नव्हतं.

सकाळी हन्नाबाईंनी दारातूनच हळू विचारलं, "काय बाबा, येतंय का आता ऐकू?"



भागुजीनं चोरून चुलीकडं पाहिलं अन् कानामागं हात धरला. "आं? जरा मोठ्यानं बोला, बाई!"