रविवारचे दिवे

बेचाळीस सालची गोष्ट. मोर्शीचे भगवंतराव दर सोमवारी आपल्या जुन्या मोटारीतून संत्री घेऊन अमरावतीला जात. आदल्या दुपारी ओसरीपुढं बसून मोटारीचे पुढचे दोन्ही दिवे खोलत, पुसत आणि पुन्हा बसवत.

त्यांच्या बायकोला, कौशल्याला, हे काही पटेना. "दिवसा जाता, दिवसा येता, मंग दिवे काहून घासून राहिले?" तिनं विचारलं.

"तू घरात जाय. काच फुटन."

अमरावतीत कोणीतरी बाई आहे आणि तिच्या चिठ्ठ्या हे दिव्यांत लपवतात, असं तिच्या मनानं घेतलं. एका रविवारी ते विहिरीवर गेलेले पाहून तिनं पेचकस घेतला आणि दिवा उघडला. आतल्या आरशामागं कागदांची घडी होती. तिनं एक कागद उलगडला आणि अक्षरं लावत वाचला. इंग्रजांना 'चले जाव' सांगणारी पत्रकं! सापडली तर थेट तुरुंग.

भगवंतराव परतले आणि तिच्या हातातला कागद पाहून दारातच थिजले.



"आरसा वाकडा बसवता तुमी, पोलिसाले लगेच दिसन," कौशल्या म्हणाली. "यापुढं दिवे मीच बसवीन."