क्रुसाखाली

फादर शिडीवर चढून मोठ्या क्रुसावरची धूळ झटकत होते आणि मावशी खाली शिडी धरून उभ्या होत्या. चर्चमधली कापडं धुऊन इस्त्री करणं हे मावशींचं काम. शिडी धरणं त्यात येत नव्हतं. पण आज घरात बसवत नव्हतं. मुलाची फाशी कायम राहणार की नाही, याचा निकाल दुपारच्या आत लागणार होता.

शिक्षा सुनावल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मावशींनी मान वर करून त्या क्रुसाकडे पाहिलं नव्हतं. आज मात्र त्यांनी एकदम विचारलं, की तिथे जीव जायला किती वेळ लागायचा.

फादरांनी आडवळण घेतलं नाही. कधी काही तास, कधी दोन-तीन दिवस, असं त्यांनी सांगितलं. ही शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना. तीही रस्त्याच्या कडेला, बघणाऱ्याला धाक बसावा म्हणून. घरंदाज रोमन माणसं 'क्रूस' हा शब्दही उच्चारत नसत. येशूच्या माणसांनीही पहिली तीनेकशे वर्षं त्याचं चित्र फारसं काढलं नाही. ती शिक्षा बंद पडली, मग कुठे क्रूस तारणाची खूण म्हणून भिंतीवर आला.

"म्हणजे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांना भिंतीवर नको होता," मावशी म्हणाल्या.

फादर काही बोलायच्या आत मावशींचा फोन वाजला. वकीलबाई होत्या. मावशी नुसतं 'हो, हो' म्हणत राहिल्या. मग त्यांचा शिडीवरचा दुसरा हातही सुटला आणि त्या मटकन फरशीवर बसल्या. शिडी डुगडुगली. फादरांनी क्रुसालाच मिठी मारली आणि वरूनच काय झालं म्हणून विचारलं.

"फाशी रद्द. जन्मठेप दिली," मावशी म्हणाल्या. "जगणार माझा पोरगा."

"देव पावला. आता शिडी धरा, नाहीतर माझं काही खरं नाही."

मावशींना हसू फुटलं. हसता हसताच त्या रडायला लागल्या, आणि रडत रडत त्यांनी शिडी घट्ट धरली.

फादर उतरले. त्यांनी मेणबत्ती आणून मावशींच्या हातात दिली आणि क्रुसासमोरून बाजूला झाले. मावशी तिथे थांबल्या नाहीत. कोपऱ्यात मरियामातेची मूर्ती होती. तिच्या पायाशी त्यांनी मेणबत्ती लावली, तिच्या पावलांवरची धूळ हातानं पुसली.

"हिला असा निरोप आला नाही," त्या म्हणाल्या.