दुसरी ओळ

भाऊबीजेच्या संध्याकाळी, ऐन वेळी घेतलेली साडी शेजारच्या सीटवर टाकून गायक श्रीरंग मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये अडकला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या. तासभर कुणी जागचं हललं नव्हतं.

"निरांजनात दोनदा तूप घातलं रे," वैजूताई फोनवर म्हणाली. "माझी सातची गाडी आहे. आता निघायलाच हवं."

"मग इथूनच गातो. तू फोनला ओवाळ."

लहानपणी तिच्यासाठी रचलेलं गाणं तो दर भाऊबीजेला ओवाळणी म्हणून गायचा. दुसरी ओळ हमखास विसरायचा. ती हसत सांगायची आणि मगच तिच्या हातातलं ताम्हण फिरायचं. यंदा तेच गाणं त्याने एका अ‍ॅपला दिलं होतं. चाहत्याने आपल्या बहिणीचं नाव टाकलं की ते त्या नावानिशी श्रीरंगच्या आवाजात वाजायचं. त्यासाठी स्टुडिओत त्याने ते आठवडाभर घोटून घोटून गायलं होतं.

"सकाळपासून आमच्या मजल्यावर चार घरांत वाजलंय," ताई म्हणाली. "कुठे मंदाताई, कुठे शकूताई."

त्याने गाडीच्या काचा वर केल्या, डोळे मिटले आणि तिचं नाव घेऊन गायला लागला. दुसऱ्या ओळीपाशी त्याला अडखळायचं होतं. ओळ आपसूक बाहेर पडली, सुरात, स्वच्छ. मग तिसरी. मग सगळंच गाणं.



"छान आहे," ताई म्हणाली. "आता ते बंद कर, आणि तू गा."